पावतीपुस्तक आणि आलवण: पार्वतीबाई आठवले यांची गोष्ट

एखाद्या जुन्या शिक्षणसंस्थेचा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा वार्षिक अहवाल हातात पडला तर तुम्ही काय वाचाल? बहुतेक जण कामाचा आढावा वाचतात, अध्यक्षांच्या भाषणावर नजर टाकतात, जमाखर्चाच्या पानावर जरा थबकतात आणि शेवटची बारीक टायपातली पानं सरळ उलटतात. त्या पानांवर देणगीदारांची यादी असते. अमुकराव तमुक, पाच रुपये. कुणी एक हितचिंतक, आठ आणे. अशी नावं पानोपानी.

आजचा लेख त्या उलटल्या जाणाऱ्या पानांबद्दल आहे. त्याहीपेक्षा, त्या यादीत जिचं नाव नसतं त्या व्यक्तीबद्दल आहे. आठ आणे कुणी दिले हे यादी सांगते. ते मागायला दारात कोण उभं होतं, हे सांगत नाही. पैसे आपल्या पायांनी चालत येत नाहीत, कुणीतरी चालत जाऊन ते आणावे लागतात, आणि संस्थांचे इतिहास लिहिताना हा चालणारा माणूस हमखास गळतो. संस्थापक राहतो, मोठा देणगीदार राहतो. इमारतीवर त्यांची नावं असतात.

हिंगण्याच्या आश्रमासाठी असं चालणारं एक माणूस म्हणजे पार्वतीबाई आठवले.

धोंडो केशव कर्वे तुम्हाला माहीत आहेत. पाठ्यपुस्तकात होते, 1958 मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं, पुण्यात रस्ता आहे. पार्वतीबाई त्यांच्या मेहुणी. कर्व्यांच्या दुसऱ्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांची धाकटी बहीण. जन्म 1870, रत्नागिरी जिल्ह्यातलं देवरूख, माहेरचं आडनाव जोशी. अकराव्या वर्षाच्या आसपास लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात एक मुलगा. त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या रीतीप्रमाणे केशवपन झालं, अंगावर आलवण आलं आणि त्या देवरूखला माहेरी परतल्या. अशी हजारो आयुष्यं त्या वेळी कोकणात होती. माहेरच्या स्वयंपाकघरात सुरू होऊन तिथेच संपणारी.

हे आयुष्य तिथे संपलं नाही. ते का, हे समजायला आधी पुण्यातली परिस्थिती बघावी लागेल. थोडं लांबचं वळण आहे, पण घ्यायलाच हवं.

पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. पुढे ते पुण्याला आलं. रमाबाई अमेरिकेला जाऊन आल्या होत्या, तिथे त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं होतं, सभा गाजवल्या होत्या आणि 1887 मध्ये बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी खास मंडळ स्थापन झालं होतं. त्या मंडळानं दहा वर्षं पैसा पुरवायचं ठरवलं. म्हणजे सदनाचा खर्च इथल्या दारोदार फिरण्यावर अवलंबून नव्हता. बाया कर्वे (तेव्हाच्या गोदूबाई) या सदनात दाखल झालेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. 1893 मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून मोठा गदारोळ झाला आणि अनेकांनी आपल्या मुली सदनातून काढून घेतल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांच्या कुटुंबावर बहिष्कार टाकला.

आता 1896 मध्ये कर्वे अनाथ बालिकाश्रम काढतात. विधवांना शिकवायचं, राहायला जागा द्यायची. त्यांच्यापुढचा प्रश्न नीट बघा. परदेशी पैसा घेतला तर लोक म्हणणार, पुन्हा शारदा सदन. इथला पैसा घ्यावा तर देणारा विचारणार, हा माणूस स्वतः विधवेशी लग्न करून बसलाय, आमच्या मुलींची लग्नं लावून देणार नाही कशावरून? म्हणजे अडचण पैशाची होतीच, पण त्याआधी विश्वासाची होती. कर्व्यांनी तेव्हा एक गोष्ट केली जी आपल्याला आज खटकू शकते. पुनर्विवाहाच्या चळवळीत ते पुढे होते, 1893 मध्ये विधवाविवाहोत्तेजक मंडळी त्यांच्याच पुढाकारानं निघाली होती. आश्रम वाढायला लागला तशी त्यांनी त्या कामातून स्वतःला बाजूला केलं. आश्रम शिक्षणाचं काम करणार, लग्नं लावण्याचं नाही, असं चित्र स्वच्छ राहावं म्हणून. काही जण याला माघार म्हणतात. मला तो हिशेब वाटतो. गणिताच्या प्राध्यापकानं केलेला, थंड डोक्याचा.

गणिताचे प्राध्यापक हा तपशील विसरू नका. कर्वे 1891 पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. आश्रमासाठी सुरुवातीला स्वतःच्या शिलकीतले हजार रुपये त्यांनी घातले. मग रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी पुण्याबाहेर हिंगण्याला सहा एकर जागा आणि झोपडीसाठी साडेसातशे रुपये दिले. 1900 मध्ये तिथे झोपडी उभी राहिली. पुढची कित्येक वर्षं कॉलेज सुटल्यावर कर्वे चार मैल चालत हिंगण्याला जात. सुट्ट्या लागल्या की वर्गणीसाठी गावोगाव. पण सुट्ट्या वर्षातून किती? नोकरी करणाऱ्या माणसाला पूर्णवेळ फिरता येत नाही. आश्रमात मुली वाढत होत्या, रोजचा शिधा लागत होता. पूर्णवेळ फिरणारं कुणीतरी हवं होतं.

पार्वतीबाई मुलाच्या शिक्षणासाठी बहिणीच्या आधारानं पुण्याला आल्या. त्यांचं स्वतःचं शिक्षण वयाच्या पंचविशीनंतर सुरू झालं. बहिणीचा पुनर्विवाह त्यांना सुरुवातीला पटलेला नव्हता, त्या तशा जुन्या वळणाच्याच. आश्रमाच्या सुरुवातीच्या काळापासून त्या तिथल्या कामात आल्या, आधी घर चालवणं, व्यवस्था बघणं, आणि नंतर वर्गणी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून पुढे वर्षानुवर्षं त्यांनी हे काम केलं, महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर. उशिरा लिहायला-वाचायला शिकलेली बाई परक्या गावात जाते, सभेत उभी राहते, बोलते आणि शेवटी पदर पसरते.

इथे जरा थांबू या, कारण हा या गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग आहे आणि तो सहज निसटतो.

केशवपन केलेली विधवा समोर येणं हा त्या काळी अपशकुन समजला जाई. घरातून कामाला निघताना ती आडवी गेली तर लोक मागे फिरत, पाणी पिऊन, जरा बसून पुन्हा निघत. हळदीकुंकवाला तिला बोलावणं नाही, लग्नमुंजीत तिनं पुढे यायचं नाही. आणि वर्गणी मागणाऱ्याचं काम काय? सकाळी अनोळखी घराचं दार वाजवायचं. म्हणजे जिचं तोंड दिसू नये असं लोकांना वाटतं, तिनंच तोंड दाखवत फिरायचं.

पण याच रूपाची दुसरी बाजूही होती. डोक्यावरून आलवण घेतलेली, केस नसलेली, दागिना नसलेली बाई म्हणजे संसाराची आस सोडलेली बाई, असंही तोच समाज मानत होता. तिच्या हातचं सोवळ्यात चालत असे. सकेशा विधवेच्या, म्हणजे केस राखलेल्या विधवेच्या हातचं पाणी देवाधर्माला चालत नसे. ज्या आश्रमावर ‘हे लोक विधवांची लग्नं लावतात’ असा संशय होता, त्या आश्रमातर्फे एक सोवळी, पुनर्विवाह न केलेली, बोलण्याचालण्यात जुन्या वळणाची बाई दारात आली की तो संशय निम्मा तिथेच गळून पडत असणार. तिनं एक शब्दही बोलायच्या आधी.

आमच्या चिंचोटीत गणपतीच्या आधी महिनाभर पावतीपुस्तकं फिरतात, हायवेच्या फाट्यावरच्या दुकानांपासून आत डोंगराकडच्या पाड्यांपर्यंत. तुमच्याकडेही फिरत असतील. एकदा नीट निरीक्षण करा. पावती फाडणारा माणूस कशासाठी मागतोय हे लोक नंतर ऐकतात. आधी बघतात कोण आलंय. कुणाचा मुलगा आहे, गेल्या वर्षीचा हिशेब लावला होता का, बरोबर कोण आहे. आकडा त्यावर ठरतो. एकाच मंडळाच्या दोन पावतीपुस्तकांत दुप्पट-तिप्पट फरक पडतो तो यामुळे. शास्त्रीय भाषेत बोलायचं तर मागणाऱ्याची ओळख हे एक व्हेरिएबल आहे, आणि आपल्या अहवालातल्या यादीत नेमका त्याचाच रकाना नाही.

मी मूळची विज्ञानाची. एमएस्सी करताना दोन वर्षं मोजमाप आणि त्रुटी यांतच गेली, त्यामुळे कागदावर आकडे दिसले की हात शिवशिवतात. देणगीदारांच्या याद्यांवर काम करायचं असेल तर दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते. पहिली अगदी कारकुनी. रुपये-आणे-पै सरळ एक्सेलमध्ये भरू नका, बेरीज चुकेल. एका रुपयाचे सोळा आणे, एका आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या 192 पै. सगळं पैमध्ये आणा. 12 रुपये 7 आणे 6 पै म्हणजे 2304 अधिक 84 अधिक 6, एकूण 2394 पै. विश्लेषण झालं की परत रुपयांत न्या. आणि पै म्हणजे पैसा नव्हे, हेही लक्षात ठेवा. पैसा म्हणजे पाव आणा, तीन पै. अंताजी दामोदर काळे यांनी ज्याच्या जोरावर पैसा फंड उभारला आणि ज्यातून 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला, तो हा पैसा.

दुसरी गोष्ट सरासरीची. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव मिळालं. साडेतीन टक्क्यांनी तिचं वार्षिक व्याज होतं 52,500 रुपये. आता समजा एका यादीत एक-एक रुपया देणारे हजार लोक आहेत आणि त्यांच्या खाली हा एक आकडा आहे. सरासरी काढलीत तर माणशी जवळजवळ दीड हजार रुपये येतील. त्या यादीतल्या एकाही माणसानं दीड हजार दिलेले नाहीत. मध्यगा काढलीत तर एक रुपया येईल आणि ती खरं बोलेल. संस्था कुणाच्या पैशावर टिकली आणि कुणाच्या विश्वासावर टिकली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला बेरीज लागते. दुसऱ्याला नावं मोजावी लागतात, गावं मोजावी लागतात, आणि तोच माणूस पुढच्या वर्षी पुन्हा यादीत आहे का ते बघावं लागतं. पार्वतीबाईंचं काम या दुसऱ्या मोजणीत दिसतं. ठाकरसींसमोर कर्व्यांचं महिला विद्यापीठ होतं, पण त्या विद्यापीठामागे वीसेक वर्षांचं हिंगणं होतं, आणि हिंगणं रुपया-आठ आण्यांवर जगलं होतं.

एक इशारा इथेच देते. आश्रमातल्या सुरुवातीच्या स्त्रिया बहुतांश ब्राह्मण होत्या आणि केशवपनाचा प्रश्नही मुख्यतः वरच्या जातींचा होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी याच पुण्यात 1863 मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. हिंगण्याच्या तीसेक वर्षं आधी. तेव्हा ‘पहिलं’, ‘एकमेव’ असे शब्द सिनॉप्सिसमध्ये लिहिताना हात आखडता घ्या. व्हायव्हाला कुणीतरी विचारणारच.

आता 1912.

त्या वर्षी पार्वतीबाईंनी केशवपन थांबवलं. वय बेचाळीस. वीस-बावीस वर्षं ठरावीक दिवसांनी न्हाव्यापुढे बसल्यावर त्यांनी ठरवलं की आता नाही. मघाशी आपण जे पाहिलं ते आठवा आणि मग या निर्णयाचं वजन बघा. घरात बसणाऱ्या बाईनं केस राखले असते तर चार नातेवाईक बोलले असते. पार्वतीबाई दारोदार फिरणाऱ्या होत्या, परगावी लोकांच्या घरी उतरणाऱ्या, त्यांच्या पंगतीला बसणाऱ्या. ज्या रूपामुळे दारं उघडत होती ते रूप त्यांनी स्वतःहून टाकलं. नुकसान त्यांच्या एकटीचं झालं नसतं, आश्रमाच्या वर्गणीचं झालं असतं, आणि हे त्यांना न कळण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या.

केशवपनाविरुद्ध आवाज आधीपासून उठत होते. पार्वतीबाई विधवा झाल्या त्याच सुमारास, 1890 मध्ये, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी विधवांचं केशवपन न करण्याचा पवित्रा घेतला होता. सुधारक लेख लिहीत होते. पण लेख लिहिणं आणि स्वतःच्या डोक्यावर केस वाढू देणं यांत फरक आहे, विशेषतः दुसऱ्या दिवशी त्याच डोक्यानं वर्गणी मागायला जायचं असेल तेव्हा. कर्व्यांनी आश्रमासाठी पुनर्विवाहाची चळवळ बाजूला ठेवली होती. पार्वतीबाईंनी बरोबर उलटं केलं. त्यांनी स्वतःची बाब आश्रमाच्या सोयीसाठी बाजूला ठेवायचं नाकारलं. दोघंही एकाच घरातले, एकाच कामातले. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात चांगला संशोधन-प्रश्न इथे पडलेला आहे. चळवळीला तडजोड कुणी करायची आणि किती, हे संस्थापकाला आणि पायी फिरणाऱ्या कार्यकर्तीला वेगवेगळं दिसतं का?

आणि त्यानंतरही त्या फिरत राहिल्या. एवढंच नाही, सहा वर्षांनी त्या अमेरिकेला निघाल्या.

1918. पहिलं महायुद्ध संपायचं होतं. पार्वतीबाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या. इंग्रजी जेमतेम. जायचं कशासाठी? तर इंग्रजी शिकायचं आणि आश्रमासाठी पैसा जमवायचा. पॅसिफिक ओलांडून त्या सॅन फ्रान्सिस्कोला उतरल्या. रमाबाईंशी तुलना केल्याशिवाय राहवत नाही. रमाबाई तीस वर्षांपूर्वी गेल्या तेव्हा त्या विदुषी म्हणून गेल्या होत्या, त्यांच्यासाठी सभागृहं भरत होती. पार्वतीबाईंना ओळखणारं तिथे कुणी नव्हतं. पोट भरायला त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केलं. भांडी, झाडलोट, पडेल ते. देवरूखच्या जोश्यांची लेक, हिंगण्याच्या आश्रमात ज्यांचा शब्द चालायचा त्या बाई, अमेरिकन कुटुंबांत मोलकरीण म्हणून राहिल्या आणि कामातून वेळ काढून इंग्रजी शिकत राहिल्या. पुढे त्या न्यूयॉर्कला पोचल्या, तिथे मदत करणारी माणसं भेटली, आणि 1920 मध्ये त्या परतल्या.

एखाद्याला वाटेल, मोलकरणीच्या पगारातून कसला निधी उभा राहणार? जमाखर्च मांडला तर हा प्रवास फायद्याचा होता की नाही यावर वाद घालता येईल. दहा वर्षांनी, 1929 मध्ये, स्वतः कर्वे सत्तरी ओलांडल्यावर युरोप, अमेरिका, जपान असे जगभर फिरले, नंतर आफ्रिकेत गेले, तेही विद्यापीठासाठी पैसा जमवायला. कर्व्यांच्या त्या दौऱ्याबद्दल लिहिलेलं भरपूर सापडतं. बर्लिनमध्ये ते आइन्स्टाइनला भेटले होते, हा किस्सा तर विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ऐकवायला फार सोयीचा. मेहुणी त्यांच्या आधी जाऊन आली होती, हे मात्र कमी जणांच्या लक्षात असतं.

पार्वतीबाईंनी आपलं आयुष्य स्वतः लिहिलं. ‘माझी कहाणी’ 1928 मध्ये आली. दोन वर्षांनी जस्टिन अ‍ॅबट यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद न्यूयॉर्कमध्ये निघाला. अ‍ॅबट हे मराठी संतकवींचे अनुवाद करणारे मिशनरी. इंग्रजी अनुवाद सहज मिळतो म्हणून अनेक प्रबंध फक्त त्याच्यावर उभे असतात. तसं करू नका. अमेरिकन वाचकासाठी केलेलं पुस्तक आहे, शीर्षकातच ‘हिंदू विधवेचं आत्मचरित्र’ असं आलंय. मराठी शीर्षकात विधवा हा शब्दच नाही. तिथे नुसती कहाणी आहे, आणि कहाणी म्हटलं की मराठी वाचकाला व्रताच्या दिवशी पाटावर बसून ऐकलेल्या कहाण्या आठवतात. अनुवादात ‘विधवा’ पुढे आली आणि ‘कहाणी’चा हा सूर मागे राहिला.

आणखी एक गोष्ट. हे आत्मचरित्र एकटं वाचू नका, त्याच घरातली आणखी दोन पुस्तकं शेजारी ठेवा. कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ 1915 मधलं, आणि बाया कर्व्यांचं ‘माझे पुराण’ 1940 च्या दशकातलं. एका कुटुंबातल्या तिघांनी एकाच संस्थेबद्दल लिहिलंय, आणि तिघांच्या हातात वेगवेगळी वही आहे. कर्व्यांनी आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसी आश्रमाला देऊन टाकली. संस्थेच्या बाजूनं बघितलं तर केवढा त्याग. बायांच्या बाजूनं बघा. मागे मुलं आहेत, नवरा उद्या गेला तर काय, याचा एकमेव आधार तो विमा होता. बाया हे मनात ठेवून गप्प बसलेल्या नाहीत, आणि संशोधक म्हणून आपल्याला त्याचा आनंदच व्हायला हवा. देणगीदारांच्या यादीत एक नाव कायम कमी असतं, ते म्हणजे देणाऱ्याच्या घरातल्या माणसांचं.

पार्वतीबाईंबद्दल लिहिताना अजून एका मोहापासून सांभाळा. केस राखणारी, एकटी अमेरिकेला जाणारी, मोलमजुरी करून शिकणारी बाई दिसली की आपण तिला लगेच आजच्या विचारांची करून टाकतो. त्या तशा नव्हत्या. बाईच्या आयुष्याचं मुख्य क्षेत्र घर आणि मातृत्व, आणि शिक्षण त्यासाठी, असं त्या मानत. स्वतः इंग्रजी शिकायला सात समुद्र ओलांडले, तरी सरसकट सगळ्या मुलींवर इंग्रजीचं ओझं टाकावं असं त्यांना वाटत नव्हतं. यात विसंगती दिसेल. ती तशीच राहू द्या, प्रबंधात तिला इस्त्री करू नका. उलट असा विचार करून बघा की ज्या हजारो घरांनी रुपया-आठ आणे दिले, त्या घरांचे विचार याच्याशी जुळत होते. त्यांना पार्वतीबाई परक्या वाटल्या नाहीत, त्याचं एक कारण हेही असेल.

पार्वतीबाई 1955 मध्ये गेल्या. बाया त्याआधी, 1950 मध्ये. कर्वे दोघींच्या मागे उरले आणि 1962 मध्ये, एकशे पाचव्या वर्षात गेले.

वर्गणी मागण्याची हिंगण्याची पद्धत मात्र चालू राहिली, आणि तिचं सगळ्यात मराठी रूप म्हणजे भाऊबीज निधी. दिवाळीच्या दिवसांत संस्थेचे कार्यकर्ते अजूनही घरोघर जातात आणि लोक भाऊबीज म्हणून पैसे देतात. कल्पना बघा. दान म्हटलं की देणारा वर आणि घेणारा खाली. ओवाळणीत तसं नसतं, तिथे बहिणीचा हक्क असतो आणि भावाला देण्यात मान वाटतो. हा शब्द बदलला की मागणाऱ्याची मान खाली जात नाही. ज्या पार्वतीबाईंना कुणाच्या हळदीकुंकवाला जागा नव्हती, त्यांच्या संस्थेनं सणाच्या आतच स्वतःसाठी जागा करून घेतली.

पेट परीक्षा झाली असेल आणि विषय अजून ठरत नसेल, तर तुमच्या तालुक्यातली एखादी जुनी संस्था निवडा. शाळा, वाचनालय, वसतिगृह, काहीही. आमच्या वसईच्या पट्ट्यात अशा बऱ्याच आहेत, तुमच्याकडेही असतील. कार्यालयात गेलात की सुवर्णमहोत्सवी स्मरणिका पुढे करतील. ती घ्या, चहा प्या, आणि मग जुनी पावतीपुस्तकांची स्थळप्रत मागा. स्थळप्रतीवर बहुधा खाली उजव्या कोपऱ्यात एक सही असते, पैसे घेणाऱ्याची. तीच ती सही वर्षानुवर्षं, वेगवेगळ्या गावांच्या पावत्यांवर दिसायला लागली की कार्यालयातल्या सगळ्यात म्हाताऱ्या शिपायाला विचारा, ही कुणाची.